ट्रेनर व्हायचंय, पण स्नायूंची नावं घोकून डोकं फिरलंय. नेमका पाया कशाचा पक्का करू?

नवशिका_डंबेल
नमस्कार मंडळी. वय ३१, सहा वर्षं नेमानं व्यायाम करतोय, नोकरी बसून करायची आहे आणि तिचा आता वीट आलाय. पर्सनल ट्रेनर व्हायचं नक्की केलंय, परीक्षेला साडेतीन महिने उरलेत. पुस्तक आणलं ते डंबेल म्हणून उचलावं इतकं जाड आहे आणि सुरुवातीची पानंच्या पानं नुसती हाडं आणि स्नायू. रात्री ओरिजिन-इन्सर्शन (स्नायू कुठल्या हाडापासून सुरू होतो आणि कुठे जाऊन चिकटतो) घोकतो, सकाळी दात घासताना आठवून बघतो तर पाटी कोरी.

जिममधले दोस्त म्हणतात अरे हे सगळं पुस्तकी आहे, बॉडी बनव, क्लायंट आपोआप येतील. पण मागच्या आठवड्यात आतेभावानं विचारलं की स्क्वॉट मारताना माझ्या टाचा उचलल्या जातात आणि गुडघ्यात टोचतं, काय करू, तर मी नुसता आ वासून उभा. सहा वर्षं स्क्वॉट मारतोय आणि मला एक वाक्य सांगता येईना, लाज वाटली राव.

तर प्रश्न असा की अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, आहार यातलं कामाला खरंच किती लागतं आणि ते डोक्यात राहावं कसं? आणि हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायचं ते २२० वजा वय वालं गणित बरोबर आहे का, कारण प्रत्येक जण वेगळं सांगतोय. कुणी या धंद्यात असेल तर मार्ग दाखवा प्लीज.

सकाळची_बॅच
अकरा वर्षं झाली या कामात, म्हणून जरा लांबड लावतो, चालवून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे स्नायूंची यादी पाठ करू नका, ती कुणाच्याच डोक्यात राहत नाही. एक हालचाल घ्या आणि तिच्यावर सगळं टांगा. तुमच्याच आतेभावाचा स्क्वॉट घ्या ना. खाली जाताना तीन सांधे वाकतात, घोटा, गुडघा आणि खुबा. मांडीचा पुढचा भाग म्हणजे क्वाड्स आणि बसायचा भाग म्हणजे ग्लूट्स, हे खाली जाताना ताणले जात जात वजन धरून ठेवतात, याला इसेन्ट्रिक म्हणतात, आणि वर येताना तेच आखडून शरीर उचलतात, ते कॉन्सेन्ट्रिक. उद्या स्वतः स्क्वॉट मारताना मांडीवर हात ठेवून बघा, हाताला कळतं. एकदा हाताला कळलं की परीक्षेत विसरत नाही, स्वानुभव आहे.

आता टाचा. टाच उचलली जाते तेव्हा बहुतेक वेळा गोम घोट्यात असते. खाली बसताना नडगी पुढे झुकायला लागते, पण पोटरी कडक असेल नाहीतर घोट्याचा सांधाच तेवढा वाकत नसेल तर शरीर टाच उचलून वाट काढतं. बघायचं कसं, तर भिंतीकडे तोंड करून एक पाऊल भिंतीपासून साधारण अर्धी वीत, म्हणजे १०-१२ सेंटिमीटर अंतरावर ठेवायचं आणि टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकत नसेल किंवा डाव्या-उजव्यात फरक असेल तर धागा तिथे आहे. टाचेखाली वजनाची पातळ प्लेट ठेवून परत स्क्वॉट मारायला लावा. एकदम सुधारला तर घोटाच, नाही सुधारला तर पायांमधलं अंतर, पावलांचा कोन, मांडीच्या हाडाची लांबी असं पुढे बघत जायचं. ज्यांची मांडी धडाच्या मानानं लांब असते ते पुढे जास्त झुकणारच, त्यांना छाती वर छाती वर म्हणून ओरडत बसू नका.

आणि गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊच द्यायचा नाही हे जे सगळे सांगतात ना, ते सरसकट खरं नाही. २००३ सालच्या एका प्रयोगात पुढे फळी लावून गुडघे अडवले होते, तर गुडघ्यावरचा भार कमी झाला खरा पण खुब्यावरचा कितीतरी पटीनं वाढला. भार कुठे गायब होत नाही, एका सांध्यावरून दुसऱ्यावर जातो. ही एक गोष्ट कळली की निम्मी बायोमेकॅनिक्स (हालचालीत कुठल्या सांध्यावर किती भार येतो त्याचं शास्त्र) कळली असं माझं मत.

फिजिऑलॉजीचं पण तसंच. शरीर ऊर्जा तीन वाटांनी बनवतं. जोरदार कामात पहिले साधारण १० सेकंद साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर, मग दोनेक मिनिटांपर्यंत मुख्यतः ग्लुकोज भराभर मोडून, आणि त्यापुढे ऑक्सिजनच्या भरवशावर. तिन्ही एकाच वेळी चालू असतात, फक्त कुणाचा वाटा किती ते बदलतं. आता हे पुस्तकात वाचून कंटाळा येतो, पण याच्यातूनच दोन सेटमधली विश्रांती ठरते. क्रिएटिन फॉस्फेट अर्ध्या मिनिटात निम्मं भरतं आणि जवळपास पूर्ण भरायला ३ ते ५ मिनिटं लागतात. म्हणून जड वजनाच्या ३-४ रेप्स (म्हणजे सलग ३-४ वेळा उचल) मारणाऱ्याला ४० सेकंदात पुन्हा उठवलंत तर तो पुढचा सेट हरणार, त्यात त्याची ताकद कमी नाही, तुमचं घड्याळ चुकलं.

आतेभावाच्या टोचण्याचं निदान मात्र करू नका हां. वजन काढून घ्या, कमी खोलीपर्यंत करून बघा, तरी दुखतंय तर फिजिओकडे पाठवा.

लोखंड_उचल्या
एवढं सगळं वाचून झोप आली 😄 भाऊ खरं सांगू का, लोक तुमचं सर्टिफिकेट बघत नाहीत, दंड बघतात. बॉडी हीच पाटी. मी चार वर्षं ट्रेनिंग देतोय, सोलियस कुठे असतो मला आजही माहीत नाही आणि बॅच फुल्ल आहे.

सकाळची_बॅच
@लोखंड_उचल्या सोलियस पोटरीत असतो, वरच्या मोठ्या स्नायूच्या खाली. गुडघा वाकवून बसून जो काफ रेझ (टाचा उचलायचा व्यायाम) मारायला लावता ना बॅचला, तो त्याच्यासाठीच असतो. गुडघा वाकला की वरचा गॅस्ट्रोक्निमियस सैल पडतो कारण तो गुडघा ओलांडून जातो, सोलियस ओलांडत नाही. झालं, आता माहीत झालं.

लोखंड_उचल्या
हे बाकी भारी सांगितलं. मी आजवर बसून काय नि उभं राहून काय, एकच समजत होतो.

पाठदुखी_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, ट्रेनर लोकांनी बिघडवलेले आणि सुधरवलेले दोन्ही पेशंट बघते. वरचं स्क्वॉटचं उत्तर छान आहे पण माझ्या मते पाया त्याच्याही आधी सुरू होतो. माणूस वजनाला हात लावायच्या आधी त्याला प्रश्न विचारणं.

पार-क्यू प्लस नावाची प्रश्नावली असते, तिच्या पहिल्या पानावर ७ प्रश्न असतात. हृदयाचा आजार किंवा बीपी आहे असं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का, बसल्या जागी, रोजच्या कामात किंवा व्यायाम करताना छातीत दुखतं का, चक्कर येऊन तोल किंवा शुद्ध जाते का, कुठली औषधं चालू आहेत, हाडं-सांध्यांचं काही दुखणं आहे का, साधारण अशा अंगाचे. एकाही प्रश्नाला हो आलं तर पुढचे सविस्तर प्रश्न विचारायचे आणि लागेल तिथे डॉक्टरांकडून लिहून आणायला सांगायचं. बहुतेक ठिकाणी हा कागद सही घेऊन फाइलला लावतात आणि कुणी वाचत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. कागद भरून घेऊ नका, समोर बसून विचारा, कारण लोक कागदावर पटापट नाही नाही नाही अशी टिक मारतात आणि गप्पांमध्ये सगळं सांगतात.

आणि दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्या झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता यायला हव्यात. व्यायाम करताना छाती आवळल्यासारखी वाटणं, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरणं, घाम फुटून एकदम पांढरं पडणं, तर व्यायाम तिथेच बंद आणि ताबडतोब मदत बोलवायची, पाणी पी जरा बस बरं वाटेल हे नाही. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणारा माणूस थरथरायला लागला, असंबद्ध बोलायला लागला तर साखर उतरलेली असू शकते, ७० mg/dL च्या खाली म्हणजे कमीच, शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम पटकन लागू होणारी साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी परत तपासायची. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. तिसरं, नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी शेकडो रेप्स मारून घेतल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला गडद तपकिरी लघवी झाली, अंग प्रचंड सुजलं तर ते नेहमीचं अंग आंबणं नव्हे. स्नायू तुटून त्यातला माल रक्तात उतरलेला असतो आणि किडनीवर ताण येतो, थेट हॉस्पिटल.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, प्रत्यक्ष पुतळ्यावर शिका. मिनिटाला १०० ते १२० दाब आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हे वाचायला सोपं आहे, पुतळ्यावर दोन मिनिटं केलं की कळतं किती दम लागतो ते.

घामाघूम
फिजिओताईंच्या पोस्टला हजार वेळा अनुमोदन दिलं तरी कमीच, कारण माझ्या अंगाशी आलेली गोष्ट अगदी हीच आहे आणि नवशिका, तुमच्या २२० च्या प्रश्नाचं उत्तर पण त्यातच आहे.

सर्टिफिकेट मिळून दीड महिना झाला होता, अंगात वारं शिरलेलं. एक बाई आल्या, वय ५२. मी लगेच गणित मांडलं, २२० वजा ५२ म्हणजे १६८, त्याचे ७० टक्के म्हणजे साधारण ११८, आज आपण ट्रेडमिलवर ११८ ला न्यायचं. त्यांचे ठोके ९८ च्या पुढे जाईनात. मी स्पीड वाढवला, चढ दिला, १०२, १०४. मी घड्याळाकडे बघतोय आणि बाईंकडे नाही. त्या आधी माझ्याशी बोलत होत्या, मग हो-नाही वर आल्या, मग गप्प झाल्या, ओठ पांढरे पडले आणि दांडी पकडून म्हणाल्या थांबव रे बाळा. खाली बसवलं, पाच-सात मिनिटांनी रंग परत आला. मग कळलं की बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू आहे. ते औषध हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही, मेहनत कितीही असो. म्हणजे माझ्या घड्याळात १०४ होते तेव्हा बाई आतून पार संपल्या होत्या. फॉर्मवर त्यांनी औषधाचं नाव लिहिलेलं होतं बरं का, मी वाचलं होतं, अर्थ माहीत नव्हता.

तर २२० वजा वय हा सरासरीचा अंदाज आहे, एकाच वयाच्या दोन माणसांत सुद्धा १०-१२ ठोके इकडे-तिकडे सहज होतात. २००१ साली दुसरं सूत्र आलं, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. गंमत म्हणजे ४० व्या वर्षी दोन्हीचं उत्तर १८० च येतं, २० व्या वर्षी जुनं सूत्र २०० सांगतं आणि नवं १९४, आणि ६० ला उलट, जुनं १६० आणि नवं १६६. त्यात विश्रांतीचे ठोके धरले तर अजून बरं. ४० वर्षांचा माणूस, बसल्या जागी ७० ठोके, तर १८० वजा ७० म्हणजे ११० हाताशी उरले, त्याचे ६० टक्के ६६, अधिक ७०, झाले १३६. नुसते १८० चे ६० टक्के काढले असते तर १०८. बघा फरक, एकाच माणसाला एक जण चालवणार आणि दुसरा पळवणार, आणि दोघं म्हणणार ६० टक्के.

म्हणून मी आता ठोके बघतो पण भरवसा बोलण्यावर ठेवतो. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, तर मध्यम. दोन-चार शब्दांत श्वास घ्यावा लागतोय, तर जोरदार. बोर्ग स्केल पण शिका, मेहनत किती जड जातेय ते माणसानं आकड्यात सांगायचं, ६ ते २० आकडे असतात, लोक विचारतात ६ पासून का, तर निरोगी तरुण माणसात त्या आकड्याला १० नं गुणलं की साधारण हृदयाचे ठोके यावेत अशी ती बेतलेली आहे. औषधवाल्यांना अर्थात तो गुणाकार लावू नका, त्यांना फक्त किती जड जातंय ते विचारा.

नवशिका_डंबेल
बाप रे, ओठ पांढरे वाचून माझेच पांढरे झाले. सगळ्यांचे मनापासून आभार. आतेभावाची भिंतीवाली टेस्ट घेतली, उजवा गुडघा टेकतो, डावा चार बोटं लांब राहतो. विचारलं तर म्हणतो कॉलेजात पाय मुरगळला होता, प्लास्टर होतं, हे सांगायचं असतं का. टाचेखाली प्लेट दिली तर टोचणं बरंच कमी झालं म्हणतो, तरी फिजिओकडे जा म्हटलंय.

आहाराचं कुणीच बोललं नाही पण. क्लायंट पहिला प्रश्न तोच विचारणार, किती प्रोटीन खाऊ आणि पोट कसं कमी करू.

सकाळची_बॅच
पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी जात नाही, हे पहिल्या दिवशी सांगून टाका, नंतर सांगितलं तर तुमची चूक धरली जाते. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४ कॅलरी, चरबी ९, दारू ७, एवढे आकडे पाठ हवेत. प्रोटीन साध्या माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम ही किमान पातळी, वजनं उचलणाऱ्याला १.४ ते २ पर्यंत. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ९८ ते १४० ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा तुम्ही उच्चारायचा पण नाही, आहारतज्ज्ञाकडे पाठवायचं. मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण, सगळ्याला तोच नियम.

अजून एक, पहिल्या आठवड्यात वजन दोन-तीन किलो उतरलं की क्लायंट नाचतो आणि तुम्ही पण नाचाल. नाचू नका. खाणं कमी झालं की आधी स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेन (साठवलेली साखर) उतरतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, ते निघून जातं. हे आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात काटा थांबतो आणि क्लायंट तुमच्यावर भडकतो.

तसंच ताकदीचं. नवखा उचलतो ते वजन पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढतं ते बरंचसं मज्जासंस्था शिकते म्हणून, स्नायू दिसायला वेळ लागतो. आणि अंग आंबतं ते लॅक्टिक अॅसिडनं हे कृपा करून कुणाला सांगू नका, लॅक्टेट तासाभरात पूर्ववत होतं आणि दुखणं तर २४ ते ७२ तासांत कळसाला जातं. ते सवयीच्या बाहेरच्या ताणानं, खास करून खाली सोडायच्या टप्प्यातल्या ताणानं होतं. जिना चढताना नाही, उतरताना रडतात लोक.

लोखंड_उचल्या
लॅक्टिक अॅसिड मी चार वर्षं सांगतोय 🙈 आता बॅचला काय तोंड दाखवू

घामाघूम
@लोखंड_उचल्या सरळ सांगायचं, "मी चुकलो होतो" म्हणून. मी त्या बाईंना सांगितलं, त्या अजून येतात माझ्याकडे.

पाठदुखी_फिजिओ
नवशिका, साडेतीन महिने पुष्कळ आहेत. रोज एक सांधा घ्या आणि घरातल्या कुणावर तरी बघा. सराव म्हणून एखाद्या पन्नाशीच्या पुढच्या नातेवाइकाला समोर बसवून ते सात प्रश्न विचारा, यादीसारखे वाचून दाखवू नका, गप्पा मारत विचारा.

नवशिका_डंबेल
विचारले ताई. मावशी, वय ५७. छातीत दुखतं का नाही, चक्कर नाही, बीपी आहे का तर नाही रे बाबा मला काय धाड भरलीय. सगळ्याला नाही. मी वही मिटणार होतो, मग तुमचं आठवलं म्हणून सहज विचारलं की मावशी सकाळी उठल्यावर काय काय करतेस, तर म्हणे तोंड धुते, गोळी घेते, चहा टाकते. कसली गोळी? बीपीची. अगं आत्ता तर नाही म्हणालीस! तर म्हणते, बीपी नाहीच्चे, गोळीनं गेलंय ते.

पाठदुखी_फिजिओ
हाहाहा, हे मी आठवड्यातून दोनदा ऐकते. गोळीचं नाव बघून घ्या, शेवटी "लोल" येतंय का बघा, मेटोप्रोलोल, अटेनोलोल असं काही. असेल तर वरची ५२ वर्षांच्या बाईंची गोष्ट आठवा. आणि कुठलीही गोळी असली तरी सुरू करायच्या आधी तिच्या डॉक्टरांना विचारायचंच. हिरवा कंदील मिळाला की खुर्चीवरून उठ-बस करायला लावा, हात न टेकता, तुमच्या स्क्वॉटचा अभ्यास पण होईल. जमिनीवर आडवं झाल्यावर झटकन उठवू नका, बीपीच्या गोळीवर चक्कर येऊ शकते, आणि उठताना श्वास रोखून धरतेय का ते बघा.

नवशिका_डंबेल
गोळीच्या पाकिटाचा फोटो मागवला, आला. नेमका नाव छापलेला कोपरा तिनं आधीच फाडून गोळ्या काढल्यात. उद्या खोकं शोधून ठेव म्हटलंय.